रास्पबेरी पायवर डेस्कटॉप आणि सर्व्हर एकत्र चालवायचा आहे? आधी चार्जर आणि कार्ड तपासा

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी ४ जीबीचा रास्पबेरी पाय ४, म्हणजे एकाच बोर्डाचा छोटा संगणक, आहे. मुलीच्या अभ्यासासाठी त्यावर लिनक्स डेस्कटॉप हवा. त्याच बोर्डावर जाहिराती अडवायला पाय-होल, घरच्या फोटोंच्या फायली नेटवर्कवर सगळ्यांना उघडता याव्यात म्हणून सांबा आणि परगावाहून त्या फायली उघडण्याची सोयही हवी. सध्या डेस्कटॉप अडखळतो, बोर्ड अधूनमधून आपोआप रीस्टार्ट होतो आणि दोन मेमरी कार्डं बाद झाली आहेत. तर आता पाय ५ घ्यावा का?

एवढ्यात घेऊ नका. तुम्ही सांगितलेल्या तिन्ही तक्रारी प्रोसेसरच्या नाहीत. रीस्टार्ट होणं बहुतेक वेळा विजेमुळे असतं, कार्डं जाण्यामागे वीज आणि कार्ड दोन्ही असतात, आणि अडखळण्याचं मोठं कारण कार्डच. पाय ५ आणून त्याच चार्जरवर, त्याच जातीच्या कार्डावर चालवलात तर हेच सगळं जास्त पैशात पुन्हा होईल. डेस्कटॉप आणि सर्व्हर एकाच बोर्डावर ठेवणं मला पटत नाही, पण त्याकडे नंतर येतो.

आधी वीज. पाय ४ ला ५ व्होल्ट लागतात, आणि बोर्डापाशी व्होल्टेज साधारण ४.६३ च्या खाली गेलं की तो 'व्होल्टेज कमी' अशी नोंद करतो. पडद्याच्या कोपऱ्यात विजेचं पिवळं चिन्ह दिसतं ते हेच. लोक त्याकडे दुर्लक्ष करतात, कारण त्यानंतरही मशीन चालू राहतं. आता हिशेब बघा. फोनचा साधा चार्जर बरोब्बर ५ व्होल्ट देतो. बारीक तारेच्या लांब केबलचा जाऊन-येऊन रोध ०.१५ ओहम सहज असतो. बोर्ड आणि त्याला जोडलेल्या वस्तू मिळून अडीच अँपिअर ओढू लागल्या की केबलमध्येच जवळजवळ ०.३८ व्होल्ट जातात. बोर्डाच्या तोंडाशी उरतात ४.६२. म्हणजे चार्जरवर '३ अँपिअर' छापलेलं असूनही तुम्ही रेषेच्या खाली. अधिकृत चार्जर ५.१ व्होल्टचा असतो आणि त्याची केबल जाड व कायमची जोडलेली असते, ती याचसाठी. हा चार्जर घ्या. इथे शे-दोनशे रुपये वाचवण्यात अर्थ नाही.

'माझ्याकडे ६५ वॅटचा लॅपटॉपचा चार्जर आहे, तो चालेल ना?' हा प्रश्न नेहमी येतो. चालतो, पण तुम्हाला वाटतं तसा नाही. ते ६५ वॅट २० व्होल्टवर मिळतात. पाय फक्त ५ व्होल्ट घेतो आणि असे बहुतेक चार्जर ५ व्होल्टवर ३ अँपिअरच देतात, म्हणजे १५ वॅट. पाय ५ ला ५ व्होल्टवर ५ अँपिअर हवे असतात, आणि एवढे देणारे चार्जर बाजारात फार थोडे आहेत. ते न मिळाल्यास पाय ५ चालू होतो, पण यूएसबीच्या सगळ्या पोर्टना मिळून ६०० मिलिअँपिअरच सोडतो. पुरेशी वीज असेल तर हीच मर्यादा १.६ अँपिअर असते. मग डिस्क मध्येच गायब झाली की लोक डिस्कला दोष देतात.

अंदाजावर जाऊ नका, बोर्डालाच विचारा. टर्मिनलमध्ये 'व्हीसीजेनकमांड' हे हत्यार 'गेट-थ्रॉटल्ड' असं सांगून चालवा (vcgencmd get_throttled). उत्तर 'शून्य एक्स शून्य' (0x0) आलं तर चालू झाल्यापासून सगळं ठीक आहे. '५००००' (0x50000) आलं तर याआधी कधीतरी व्होल्टेज पडलं होतं आणि त्यापायी वेगही कमी केला गेला होता. '५०००५' आलं तर ते या क्षणीही चालू आहे. ही नोंद रीस्टार्टनंतर पुसली जाते. म्हणून दोन-तीन दिवस नेहमीसारखं वापरून मग बघा, आणि बघताना डिस्कवर एखादी मोठी फाइल कॉपी होत असू द्या. माझ्याकडे 'पाय हँग होतो' म्हणून येणाऱ्या तक्रारींत मी सगळ्यात आधी हाच आकडा मागतो.

चार्जर सुधारला तरी आपल्याकडे वीज जाणं आहेच. इन्व्हर्टर असला तरी वीज गेल्यावर तो बॅटरीवर येईपर्यंत थोडा वेळ जातो. ट्यूबलाइटला ते जाणवत नाही, बोर्डाला मात्र कधी जाणवतं, कधी नाही. पॉवर बँक मध्ये लावणं हा उपाय वाटतो, पण अनेक पॉवर बँका चार्जिंगवरून बॅटरीवर जाताना क्षणभर आउटपुट बंद करतात. विकत घेण्याआधी दुकानात बल्ब किंवा फोन लावून प्लग काढून बघा. राउटरसाठी मिळतात त्या छोट्या डीसी यूपीएसपैकी ५ व्होल्टचं ३ अँपिअर आउटपुट असलेली घेतलीत तर राउटर आणि बोर्ड दोन्ही तिच्यावर राहतील. राउटर बंद असेल तर सर्व्हर चालू राहून फायदा नाही.

आता कार्ड. फ्लॅश मेमरीत लिहिणं छोट्या पानांत होतं, पण पुसणं मोठ्या ब्लॉकमध्येच होतं. लॉगची एक ओळ लिहायची झाली तरी कार्डाच्या आतल्या कंट्रोलरला आसपासचा मजकूर उचलून दुसरीकडे ठेवावा लागतो. नेमकी त्या क्षणी वीज गेली तर तुम्ही हातही न लावलेल्या फायली खराब होऊ शकतात. 'माझी फाइलसिस्टिम जर्नलवाली (बदलाआधी त्याची नोंद ठेवणारी) आहे' हे समाधान इथे अपुरं आहे. जर्नल फाइलसिस्टिमचा हिशेब जपतो, कार्डाच्या पोटात काय घडलं हे त्याला कळत नाही. डेस्कटॉप चालवताना तर ब्राउझर सतत बारीकसारीक लिहीत असतो.

वेगाचंही तेच. कार्डावर छापलेला 'सेकंदाला १०० एमबी' हा आकडा सलग मोठी फाइल वाचण्याचा असतो, कॅमेऱ्यासाठी उपयोगाचा. ऑपरेटिंग सिस्टिमला हजारो छोट्या फायली इकडून तिकडून हव्या असतात. त्यासाठी कार्डावर ए१ किंवा ए२ असा शिक्का बघायचा. ए१ म्हणजे सेकंदाला किमान १५०० यादृच्छिक वाचनं आणि ५०० लेखनं. ए२ म्हणजे ४००० आणि २०००, पण ते आकडे गाठायला यजमान यंत्राचीही साथ लागते. ती पाय ५ वर मिळते. पाय ४ वर चांगलं ए१ कार्ड आणि ए२ यांत फारसा फरक जाणवत नाही. ऑनलाइन सेलमध्ये खोटी कार्डंही भरपूर येतात. नवं कार्ड आलं की 'एफ३' हे हत्यार चालवून ते खरंच सांगितलेल्या क्षमतेचं आहे का ते बघा.

पण माझा खरा सल्ला कार्ड सोडा असाच आहे. साधा २४० किंवा २५६ जीबीचा साटा एसएसडी आणि यूएसबी ३ चा अडॅप्टर घ्या आणि निळ्या पोर्टात लावा. 'रास्पबेरी पाय इमेजर'ने थेट एसएसडीवर सिस्टिम लिहिता येते आणि बूटलोडर (सिस्टिम सुरू करणारा बोर्डावरचा छोटा प्रोग्राम) अद्ययावत असेल तर पाय ४ कार्डाशिवाय यूएसबीवरून चालू होतो. ब्राउझर उघडायला लागणारा वेळ बघितलात की पाय ५ चा विचार आपोआप मागे पडेल.

इथे दोन खाचखळगे आहेत. पहिला अडॅप्टरचा. काही अडॅप्टर यूएएसपी या जलद पद्धतीत पायसोबत नीट बोलत नाहीत. डिस्क अधूनमधून तुटते, कर्नलच्या लॉगमध्ये 'रीसेट'च्या ओळींची रांग लागते. अशा वेळी 'एलएसयूएसबी' (lsusb) ने अडॅप्टरचा क्रमांक काढायचा आणि बूट विभागातल्या 'सीएमडीलाइन' (cmdline.txt) फाइलमध्ये त्या क्रमांकानंतर 'यू' लावून 'यूएसबी-स्टोरेज क्वर्क्स'ची नोंद करायची (usb-storage.quirks=क्रमांक:u). वेग थोडा कमी होतो, पण डिस्क टिकते. ओळ एकच ठेवा. त्या फाइलमध्ये एंटर दाबून दुसरी ओळ केली तर नोंद लागू होणार नाही, किंवा बोर्ड चालू होतानाच अडेल.

दुसरा वायफायचा. यूएसबी ३ ची केबल आणि अडॅप्टर २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करतात. एसएसडी लावल्यावर वायफाय मंदावलं तर राउटर बदलायला धावू नका. ५ गिगाहर्ट्झवर जा किंवा डिस्क बोर्डापासून वीतभर लांब ठेवा. सर्व्हर असेल तर वायफायचा प्रश्नच नको, लॅन केबल लावा. आणि फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क थेट पायच्या पोर्टात लावू नका. पाय ४ सगळ्या यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपिअरच देतो, आणि तबकडी फिरायला सुरुवात करताना ती एकटीच बराच मोठा वाटा खाते. तिला स्वतःच्या अडॅप्टरवर चालणारा डॉक द्या.

एवढं झालं की डेस्कटॉपबद्दल बोलू. ६४ बिटची रास्पबेरी पाय ओएस घ्या. ती डेबियनवरच उभी आहे, त्यामुळे आपल्याला लागणारं बहुतेक सगळं एका 'एपीटी' आज्ञेत मिळतं. २०२३ च्या 'बुकवर्म' आवृत्तीपासून डेस्कटॉप वेलँड या नव्या चित्रप्रणालीवर गेला आणि नेटवर्कचा कारभार नेटवर्कमॅनेजरकडे आला. त्याआधीच्या मार्गदर्शिका वाचून 'डीएचसीपीसीडी' या जुन्या सेवेच्या फाइलमध्ये आयपी पत्ता लिहीत बसाल तर काहीच होणार नाही. युट्यूबवरच्या अनेक मराठी-हिंदी व्हिडिओंत अजून तेच दाखवतात. 'पाय' हे ठरीव युजरनेमही २०२२ मध्ये काढून टाकलं आहे. इमेजरमध्ये नाव, पासवर्ड, वायफाय आणि एसएसएच (दुसऱ्या मशीनवरून टर्मिनल उघडण्याची सोय) आधीच भरून घ्या.

पडदा १०८० रेषांचाच ठेवा. फोर-के टीव्ही जोडला की पाय ४ ठरीव सेटिंगमध्ये सेकंदाला ३० चित्रंच देतो आणि माउस चिखलातून ओढल्यासारखा वाटतो. व्हिडिओचंही एक कोडं आहे: पाय ४ मध्ये एच.२६४ या व्हिडिओ स्वरूपासाठी वेगळा हार्डवेअर आहे, पण युट्यूब बहुधा व्हीपी९ किंवा एव्ही१ पाठवतं, आणि मग सगळा भार प्रोसेसरवर पडतो. ब्राउझरमध्ये एच.२६४ चाच आग्रह धरणारं एक्स्टेन्शन मिळतं, ते लावा आणि ७२० वर समाधान माना. पाय ५ मधून तर एच.२६४ चा हार्डवेअर काढूनच टाकला आहे, पण त्याचा प्रोसेसर इतका ताकदवान आहे की १०८० पर्यंत फरक कळत नाही.

मराठीसाठी नोटो किंवा लोहित देवनागरी फॉन्ट टाका आणि टायपिंगला आयबस किंवा एफसीआयटीएक्स. इनस्क्रिप्ट येत असेल तर वेगळं काहीच नको, भारतीय कीबोर्ड मांडणी सिस्टिममध्ये असतेच. लिबरऑफिसमध्ये मात्र भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू करा आणि त्याची भाषा मराठी निवडा. हिंदी राहिली तर ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात आणि शाळेचा प्रकल्प छापून आल्यावर लक्षात येतं.

छपाईवरून आठवलं. पायचा प्रोसेसर आर्म जातीचा, अडतं ते इथे. आपल्याकडे घरोघर आणि झेरॉक्सच्या दुकानात दिसणारा कॅनन एलबीपी २९००, त्याचा अधिकृत लिनक्स ड्रायव्हर इंटेल-एएमडीच्या मशीनसाठी बांधलेला आहे. पायवर लोकांनी स्वतः बनवलेला पर्यायी ड्रायव्हर कंपाइल करावा लागतो, आणि तोही कधी पान अर्धवट सोडतो. एचपीचा जुना लेझरजेट १०२० मात्र 'फू२झेडजेएस'वर छान चालतो. ई-टेंडर किंवा कंपनीच्या कामासाठी डिजिटल सहीचं यूएसबी टोकन वापरत असाल तर पायचा नाद सोडा. त्यांचे ड्रायव्हरही बहुधा आर्मसाठी नसतात.

आता दोन्ही एकाच बोर्डावर का नको ते सांगतो. ४ जीबी मेमरीत पाय-होल आणि सांबा सहज मावतात, अडचण जागेची नाही. ब्राउझरचे पंधरा टॅब उघडले, मेमरी भरली, पडदा गोठला की कोणीही काय करतं? प्लग ओढतं. त्याच क्षणी आईच्या फोनवरून फोटो कॉपी होत असतात आणि घरातलं प्रत्येक यंत्र संकेतस्थळांचे पत्ते त्याच बोर्डावरच्या पाय-होलला विचारत असतं. मग स्वयंपाकघरातून हाक येते, 'नेट गेलंय का?' डेस्कटॉप हे मधूनमधून बंद करायचं यंत्र आहे आणि सर्व्हरला हात लावायचा नसतो. या दोन सवयी एका डबीत नांदत नाहीत.

म्हणून तुमचा पाय ४ सर्व्हर करा. त्यावर डेस्कटॉपशिवायची 'लाइट' आवृत्ती टाका आणि पडदा-कीबोर्ड काढून राउटरशेजारी ठेवा. एसएसडीसकट चार-पाच वॅटमध्ये तो चालतो, म्हणजे महिन्याला तीन-साडेतीन युनिट. अभ्यासासाठी एखादा जुना लॅपटॉप शोधा. त्यात ८ जीबी मेमरी आणि एसएसडी घालून लिनक्स टाकलंत तर तो पाय ४ पेक्षा आरामात चालेल आणि वरचा छपाईचा गुंताही सुटेल. लॅपटॉप मिळत नसेल आणि नवीनच घ्यायचं असेल तेव्हा ८ जीबीचा पाय ५ डेस्कटॉप म्हणून घ्या. पण चार्जर, कूलर, डबी, एनव्हीएमई डिस्क बसवायची पट्टी आणि ती डिस्क धरून बेरीज करा आणि शेजारी इंटेल एन१०० च्या मिनी पीसीची किंमत ठेवा. बऱ्याचदा मिनी पीसीच जिंकतो.

ऑरेंज पाय, रॉक, बनाना पाय हे बोर्ड कागदावर याहून तगडे दिसतात, आरके३५८८ चिपचे तर खरोखरच तगडे आहेत. घेण्याआधी एकच गोष्ट तपासा: त्या बोर्डाला आर्मबियनचा (अशा बोर्डांसाठीच्या लिनक्सचा) नियमित पाठिंबा आहे का. नसेल तर उत्पादकाने एकदा दिलेल्या जुन्या कर्नलवर तुम्ही वर्षानुवर्षं अडकता.

सर्व्हरसाठी आधी राउटरमध्ये या बोर्डासाठी आयपी पत्ता राखून ठेवा. मग पाय-होल टाका आणि राउटरच्या डीएचसीपीमध्ये (घरच्या यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या सोयीत) डीएनएस, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता सांगणारा, म्हणून त्याचा पत्ता द्या. इथे जवळजवळ सगळे 'असू दे' म्हणून दुसऱ्या डीएनएसच्या रकान्यात गूगलचा पत्ता टाकतात. फोन तो दुसरा पत्ता फक्त अडचणीतच वापरतो असं नाही, तो केव्हाही वापरतो, आणि मग 'जाहिराती कधी दिसतात, कधी नाही' अशी तक्रार येते. तो रकाना रिकामा ठेवा, किंवा दुसऱ्या बोर्डावर दुसरा पाय-होल चालवा. त्यासाठी ५१२ एमबीचा झिरो २ डब्ल्यूही पुरतो.

एक अडचण सहसा कोणी सांगत नाही. पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही. वीज जाऊन आली की तो शेवटची नोंदलेली वेळ धरून उठतो आणि मग इंटरनेटवरून खरी वेळ घेतो. पाय-होलमध्ये डीएनएस-सेक (डीएनएसच्या उत्तरांवरच्या डिजिटल सह्या तपासणारी सोय) चालू असेल आणि बोर्ड स्वतःचंच पाय-होल विचारत असेल, तर चुकलेल्या वेळेमुळे सह्यांची पडताळणी फसते, वेळ देणाऱ्या सर्व्हरचं नाव सापडत नाही, आणि नाव सापडत नाही म्हणून वेळ दुरुस्त होत नाही. दोन तास वीज गेल्यानंतर सगळं चालू दिसतं, पण एकही संकेतस्थळ उघडत नाही, ते असं. डीएस३२३१ चं छोटं घड्याळ मॉड्यूल पिनांवर बसवा, किंवा बोर्डाला स्वतःसाठी बाहेरचा डीएनएस द्या. पाय ५ वर घड्याळ आहे, पण त्याची बॅटरी वेगळी विकत घ्यावी लागते.

सांबाला विशेष काही नको. पाय ४ चं लॅन पूर्ण गिगाबिट आहे, एसएसडीवरून सेकंदाला १०० एमबीच्या पुढे सहज मिळतात. जेलिफिनसारखा व्हिडिओ सर्व्हर लावलात तर फायली टीव्हीला झेपतील अशाच स्वरूपात ठेवा, बघत असतानाच स्वरूप बदलून देण्याची अपेक्षा या बोर्डांकडून धरू नका. डॉकर (प्रत्येक प्रोग्राम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं हत्यार) वापरणार असाल तर लॉगच्या आकाराला मर्यादा घाला, ठरीव सेटिंगमध्ये ती नसते आणि एखादा बडबड्या कंटेनर डिस्क भरून टाकतो.

परगावाहून पोहोचण्यासाठी आधी राउटरच्या पानावर बाहेरचा आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये सुरू होत असेल तर इंटरनेट कंपनीने तुम्हाला सामायिक पत्त्यामागे ठेवलं आहे, आणि पोर्ट फॉरवर्डिंगची कितीही खटपट केली तरी बाहेरून दार उघडणार नाही. आपल्याकडच्या फायबर जोडण्यांत हे सर्रास आहे. टेलस्केल ही व्हीपीएन (खासगी जोडणीची) सेवा लावा, पाच मिनिटांचं काम आहे. खरा सार्वजनिक आयपी असेल तर वायरगार्ड हे व्हीपीएन, ५१८२० हा एकच यूडीपी पोर्ट उघडून. सांबाचा ४४५ पोर्ट कधीही बाहेर उघडू नका. एसएसएच आतल्या आतही किल्लीने, पासवर्डने नको.

उष्णतेबद्दल थोडकं: ८० अंशांना पाय आपला वेग कमी करू लागतो. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात खोलीतच चाळीस असतात, तेव्हा बंद प्लास्टिकच्या डबीत हे लवकर घडतं. पाय ४ ला अॅल्युमिनिअमची, स्वतःच हीटसिंक असलेली डबी पुरते आणि पंख्याची कटकट राहत नाही. पाय ५ ला पंखा लावाच.

बॅकअप त्याच एसएसडीच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवू नका. रोज रात्री 'आरसिंक'ने फोटो वेगळ्या वीजपुरवठ्याच्या डिस्कवर जाऊ द्या आणि सिस्टिमच्या सेटिंगच्या फायली, म्हणजे 'ईटीसी' फोल्डर आणि पाय-होलचं टेलीपोर्टर एक्स्पोर्ट, महिन्यातून एकदा लॅपटॉपवर उतरवा. पहिल्या महिन्यातच एखाद्या सुट्टीच्या दिवशी जुन्या कार्डावर नवी सिस्टिम टाकून त्या बॅकअपवरून सगळं परत उभं करून बघा. तेवढ्या वेळापुरता राउटरचा डीएनएस कंपनीचाच ठेवा, म्हणजे घरचे ओरडणार नाहीत.